ब्रुसेलाचा जंतू आपल्या पांढऱ्या पेशीतच कसा तग धरतो?

पेशीतलं कोणतं प्रथिन मोडीत काढायचं, हे बहुतेक वेळा युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणेवर ठरतं. खूण लागली की प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, ते तोडतो. ब्रुसेला नेमका इथंच हात घालतो. त्याच्या टीसीपीबी या प्रथिनामुळं, धोक्याचा निरोप आत पोचवणाऱ्या ‘माल’ प्रथिनावर ती खूण लागते. माल तुटतो, निरोप अडतो आणि जंतू मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या, आतच वाढत राहतो. असा लपून बसतो म्हणून तर डॉक्सिसायक्लिन-रिफॅम्पिसिन ही दोन प्रतिजैविकं सहा आठवडे घ्यावी लागतात.

हा जंतू गाभडलेल्या जनावराच्या वारेतून आणि कच्च्या दुधातून माणसाला लागतो. आपल्या खानापूर-निपाणीकडं म्हैस गाभडली की बरेच जण उघड्या हातानं वार काढतात. कृपा करून हातमोजे घाला, दूध उकळूनच प्या. ताप, घाम, सांधेदुखी रेंगाळली तर डॉक्टरांना गोठ्याचं आवर्जून सांगा.