वाचक पुण्याचे, गिऱ्हाईक सुदामानगरचं

प्रश्न : मुलगी इंदूरलाच बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घरी करून विकायचा आणि जोडीला मराठीतून स्वयंपाकाचा ब्लॉग चालवायचा, असं तिच्या मनात आहे. २५,००० रुपये मागते आहे. त्यातले १८,००० वेबसाइट करून देणारा घेणार. पुण्याच्या आत्याबाईंनी पाच किलो भाजणीची ऑर्डरही देऊन टाकली. ह्यांचं म्हणणं, आधी बँकेच्या परीक्षा दे. पैसे द्यावेत का?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, पैसे द्या, पण २५ नाही, १२ हजार. आणि वेबसाइटवाल्याला आजच नाही म्हणून कळवा.

तुमच्या पत्रात ब्लॉग आणि धंदा एका दमात आले आहेत. ही दोन वेगळी कामं आहेत आणि इंदुरात बसून करताना तर ती आणखी लांब जातात. मराठी ब्लॉगचे वाचक बहुतेक पुणे, मुंबई, नाशिकचे असणार. भाजणीचं पाकीट मात्र आधी सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबागेत खपायला हवं आणि इथल्या गिऱ्हाइकाची बाजारातली भाषा हिंदी. म्हणजे ब्लॉग जिथे वाचला जाईल तिथे माल पोचवणं अवघड, आणि माल जिथे खपेल तिथे ब्लॉग कोणी वाचणार नाही. हे आधी ध्यानात घेतलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

पोचवणं अवघड का, तर जीएसटीमुळे. फक्त माल विकणाऱ्याला मध्य प्रदेशात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतात. पण ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी लागते. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशन योजनाही उपयोगाची नाही, कारण त्यात परराज्यात विक्री करता येत नाही. नोंदणी घेतली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरायचं, नाहीतर विलंब शुल्क. तेव्हा पहिले सहा महिने विक्री मध्य प्रदेशातच ठेवा. ब्लॉगमुळे पुण्या-मुंबईची मागणी खरोखर महिन्याला तीस-चाळीस पाकिटांवर गेली, तर सीएकडे बसून नोंदणीचं ठरवा.

आता हिशेब. बी.कॉम.ची मुलगी आहे, तिला हा कागदावर मांडायला लावा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. सियागंजच्या घाऊक बाजारातून आणलेल्या मालाचं बिल हातात धरून तिने ते बदलावेत.

दहा किलोची एक घाणी, म्हणजे एका वेळचा माल, धरू. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ, उडीद, धने, जिरे मिळून ७५० रुपये. चक्की १००. गॅस ८०. भाजताना ओल जाते, चक्कीच्या पोटात थोडं पीठ राहतं, म्हणून दहा किलोचे सव्वानऊ किलो धरा. अर्ध्या किलोची १८ पाकिटं आणि थोडा नमुन्याचा माल. पाउच आणि लेबलचे पाकिटामागे ९, म्हणजे १६२. झाले १,०९२. बहुतेक घरी हिशेब इथे थांबतो : पाकीट ६१ रुपयांना पडलं, १०० ला विकलं, ३९ सुटले! पण निवडणं, भाजणं, गार करणं, भरणं यात सात तास गेले. तासाला ६० रुपये धरले तरी ४२० होतात. आता पाकीट पडलं ८४ ला. कॉलनीतल्या दुकानदाराने २० टक्के मागितले की १०० च्या पाकिटाचे हातात ८०, म्हणजे पाकिटामागे चार रुपये पदरचे. छापील किंमत १३० ठेवली तर दुकानातून १०४ येतात, २० उरतात. थेट विकलं तर ४६. घरात विकताना १००, दुकानात १३० असं करू नका. दुकानदाराला ते आठवड्यात कळतं आणि तो पुढचा माल घेत नाही.

मजुरी धरायची नाही, ‘घरचंच आहे’ म्हणायचं, ही सवय मात्र मोडा. परीक्षेच्या महिन्यात तिला बाई लावावी लागेल तेव्हा तिचे पैसे कुठून देणार?

माल बिघडतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं, भरण्याची घाई. चक्कीतून पीठ गरम येतं. तसंच पाउचमध्ये भरलं की वाफ आतून धरते, पंधरा दिवसांत गुठळ्या आणि कुबट वास. परातीत पातळ पसरून, वर सुती कापड घालून सहा-आठ तास पूर्ण गार होऊ द्यावं. सील करण्याआधी पाउचच्या तोंडाची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसावी. तिथे पिठाची धूळ राहिली तर सील वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि प्रवासात सुटतं. दुसरं ठिकाण चक्की. आपल्या आधी कोणाचं काय दळलं, ते आपल्या पिठात थोडं येतंच. म्हणून पहिलं पाव-अर्धा किलो घरासाठी बाजूला काढावं. उपवासाची भाजणी तर गव्हाच्या चक्कीवर दळून विकूच नये. ज्याचा उपवास मोडेल तो परत येणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. एवढ्या छोट्या कामाला एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, मोठं लायसन्स लागत नाही, नोंदणी पुरते. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर करायचा. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स तिचे दीड-दोन हजार घेतात, तिथे फसू नका. बँक करंट खातं उघडताना गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचा कागद, मागू शकते. आणि जे जवळजवळ सगळेच विसरतात ते असं की पाकीटबंद माल विकायचा तर नापतौल (वजनमापे) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी लागते, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत. वजनकाटाही शिक्का मारलेला हवा.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम भाव, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा ठिपका. भाजणीत गहू आहे हेही स्पष्ट लिहा, ग्लूटेन न चालणारे लोक असतात. नाव मोठ्या अक्षरात ‘थालीपीठ का आटा’ आणि खाली ‘भाजणी’. हिंदीभाषक शेजारणीला नुसतं ‘भाजणी’ म्हटलं तर तिला भजनी मंडळच आठवेल.

इथल्या विक्रीला वेबसाइट नकोच. व्हॉट्सॲप बिझनेसवर हिंदीतून कॅटलॉग आणि गुगल बिझनेस प्रोफाइल, दोन्ही फुकट. प्रोफाइलमध्ये घरचा पत्ता लपवून नुसता सेवेचा परिसर दाखवता येतो. मुलगी घरून काम करणार म्हणून ते जरूर करा.

ब्लॉगबद्दल. पहिल्या वर्षी त्याची कमाई शून्य धरा. ॲडसेन्सचे, म्हणजे ब्लॉगवरच्या गुगल जाहिरातींचे, पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यात येत नाहीत, आणि नव्या मराठी ब्लॉगला तिथवर जायला वेळ लागतो. मग तो करायचा कशाला? लिहिण्याची, फोटोची, आकडे वाचण्याची सवय लागते आणि बी.कॉम.नंतर नोकरी मागताना दाखवायला स्वतःचं काम हातात असतं. माझ्या मते ब्लॉगचं हे मोल मसाल्यापेक्षा जास्त आहे.

सुरुवात गुगलच्या फुकट ब्लॉगरवर करावी. पैसे फक्त डोमेनला, म्हणजे साइटच्या स्वतःच्या नावाला, साधारण हजार रुपये. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव पाहू नका, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा काय तो पाहा. आणि ते मुलीच्याच नावाने, तिच्याच ईमेलवर असू द्या. वेबसाइटवाल्याच्या खात्यावर घेतलेलं डोमेन भांडण झालं की त्याच्याकडेच राहतं. १८,०००ला नाही म्हणण्याचं अर्धं कारण हेच.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. डीटीपीचे जुने फॉन्ट गुगलला वाचता येत नाहीत. लेखाचं शीर्षक मराठीत, पण लेखाचा वेबपत्ता रोमन लिपीत छोटा ठेवावा, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की त्याची बरेचदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते आणि लोक त्यावर बोट ठेवत नाहीत. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नये, १,२०० पिक्सेल रुंदीला आणून दीड-दोनशे केबीत बसवावा. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट पहिल्या दिवशी जोडावी. लोक काय शोधत तिच्यापर्यंत आले ते तिथे दिसतं.

विषय निवडताना ‘माझी स्वयंपाकघरातली वाटचाल’ नको. लोक अडल्यावर शोधतात. थालीपीठ तव्याला का चिकटतं, भाजणीत जाळी का होते, मेतकूट कडू का झालं, इंदुरी पोह्यांवरचं जिरावण घरी कसं करायचं. शेवटचा विषय पुण्यातला ब्लॉगर तिच्याइतका चांगला लिहू शकणार नाही. बारा लेख लिहून तयार झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नये. मग आठवड्याला एक, म्हणजे परीक्षेतही खंड पडत नाही.

१२ हजारांची वाटणी साधारण अशी : काटा १,५००, हाताचं सीलिंग मशीन १,८००, पाउच-लेबल २,५००, तीन घाण्यांचा माल आणि दळण २,८००, डोमेन १,०००. उरलेले २,४०० नोंदण्यांना आणि एखादी घाणी वाया जाईल तिला. कर्ज आत्ता नको.

मुलीच्या वडिलांना सांगा की पदवी सोडायची नाही आणि बँकेचे फॉर्मही भरायचेत. महिन्याला दोन घाण्या, म्हणजे दोन रविवार. सहा महिन्यांनी एकच आकडा पाहा : ज्यांनी पाकीट घेतलं, त्यातल्या किती जणांनी स्वतः होऊन दुसरं मागितलं. दहातले चार असतील तर पुढे जायला हरकत नाही. एक-दोनच असतील तर मालात किंवा किमतीत चूक आहे; ती शोधायला आणखी दोन महिने द्या, आणखी पैसे देऊ नका.

राहिली आत्याबाईंची ऑर्डर. ती विक्री म्हणून घेऊ नका, दोन पाकिटं भेट म्हणून पाठवा. एक काळजी घ्या : कुरिअरचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. ५०० ग्रॅमचं पाकीट खोक्यात घातलं की साडेपाचशेच्या घरात जातं आणि किलोचे पैसे पडतात, म्हणून प्रत्येकी ४०० ग्रॅमची दोन भरून एकाच खोक्यात घाला. बदल्यात आत्यांना पैसे न मागता लिहून मागा : वाटीभर पिठाला पाणी किती लागलं, थालीपीठ चिरलं का, महिन्याने उरलेल्या पाकिटाला वास कसा येतो. यातून पुढच्या घाणीची दुरुस्ती होईल आणि पहिल्या लेखाची सामग्रीही.