लहान मुलाला घेऊन मैत्रिणीच्या लग्नाला जाताना
तुम्ही अडीच वर्षांच्या मुलासह पुण्याहून सांगलीला मैत्रिणीच्या लग्नाला जाण्याचे ठरवले आहे, तर अवश्य जा. पहिल्या वेळी दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी पहाटे निघणे. अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे आणि झोपमोड झालेले मूल नेमके मंगलाष्टकांच्या वेळी भोकाड पसरते, म्हणून आदल्या दिवशी, त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ साधून निघा. खंबाटकी घाटाच्या तोंडाशी पोटभर दूध पाजू नका. माझ्या मुलीने दुसऱ्याच वळणावर ते सगळे माझ्या पैठणीवर काढले होते. (नेसायची साडी पिशवीतच बरी, हे मला तेव्हा कळले.)

कार्यालयात पंगतीची वाट न पाहता त्याला मऊ वरणभात आधीच भरवा, डॉल्बीपासून दूर ठेवा आणि अक्षता त्याच्या मुठीत देऊ नका, कारण त्या नाकात जातात.

हळद, सीमांतपूजन, वरात अशा प्रत्येक ठिकाणी हजर राहण्याचा अट्टहास नको. तुम्ही नेमक्या कोणत्या वेळी जवळ हव्या आहात, हे मैत्रिणीलाच विचारा आणि तेवढा वेळ मूल कोण सांभाळणार, हे निघण्यापूर्वीच घरात ठरवून टाका.