सहीचे किती घेता?

या खेपेला वायरिंगच्या धंद्यावरचीच पत्रं जास्त आलीत आणि सगळी सोलापुरातली, म्हणून चार एकदम घेतो.

प्रश्न: आयटीआय वायरमन झालोय, काही वर्षं एका ठेकेदाराकडे काम करायलोय, आता स्वतःचं सुरू करायचंय. नवी पेठेत एक जण म्हणाला लायसन कशाला काढतो बे, लागेल तेव्हा लायसनवाल्याची सही पाचशे रुपयात मिळते. काय करू? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर: लायसन काढ. सही विकत मिळते हे खरंय, बाजारात कोणी नाकारणार नाही. पण ती सही कशावर असते ते बघ. नवीन मीटरसाठी महावितरणला अर्ज केला की सोबत टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यात ठेकेदार लिहून देतो की इथलं काम आम्ही केलं, तपासलं, इन्सुलेशन एवढं आलं, अर्थिंग एवढं आलं. ज्यानं ती जागा डोळ्यानं बघितली नाही तो हे लिहून देतो, आणि उद्या तिथं कुणाला शॉक लागून काही झालं की विद्युत निरीक्षकाकडून पहिली विचारणा त्याच कागदाची होते. तेव्हा सहीवाला म्हणणार काम त्या पोरानं केलं, आणि पोराकडे तर काहीच कागद नाही.

आता पायऱ्या. आधी वायरमनचं परमिट, मग सुपरवायझरचं सर्टिफिकेट, मग ठेकेदाराचं लायसन. ठेकेदार म्हणून जायचं तर परमिटवाली माणसं आणि स्वतःची हत्यारं दाखवावी लागतात, मेगर म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, अर्थ टेस्टर वगैरे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जुना काढून तसलाच नवा बसवायला लायसन लागत नाही, पण नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, असलेल्या कामात फेरफार हे सगळं लायसनवाल्यानंच करायचं, १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये पंचेचाळीसावा नियम हाच होता आणि नंतरच्या २०१० आणि २०२३ च्या नियमांतही तो राहिला. म्हणजे आज तू एकट्यानं जे करणार आहेस त्यातलं बरंचसं मुळात तुला करता येत नाही, हे तुला त्या नवी पेठेतल्या माणसानं सांगितलं नसेल.

सही म्हणजे खरं काम काय असतं तेही सांगतो. समज साखर पेठेतलं जुनं दुमजली घर आहे, खाली माग, वर राहणं. मेन बंद करायचा, पंख्याचे रेग्युलेटर, टीव्ही, एलईडीचे ड्रायव्हर सगळं सुटं करायचं, स्विच मात्र चालू ठेवायचे नाहीतर स्विचच्या पुढची वायर तपासलीच जात नाही. मग फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, मिनिटभर. किमान एक मेगओहम यायला पाहिजे. काटा खाली पडला की एकेक सर्किट सोडवत जायचं, आणि बहुतेक वेळा चोर सापडतो तो न्हाणीघराच्या ओल्या भिंतीतल्या जंक्शन बॉक्समध्ये, नाहीतर कुणीतरी कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्यात. यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणून गिऱ्हाईक "सहीचे किती घेता?" म्हणाला की सांगायचं, सहीचे नाही ओ, तपासणीचे घेतो, आणि तपासणीत नापास झालं तरी घेतो. दोन गिऱ्हाईकं पळतील. पळू दे.

आणि कामं कुठून येतील याची काळजी नको. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो तेव्हा पाळण्यांपासून भेळेच्या स्टॉलपर्यंत तात्पुरती कनेक्शनं लागतात, चिंचोळी एमआयडीसी आहे, आणि २०२४ पासून केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावरच्या सोलरची विचारणा वाढली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर वाढणारच. लायसन नसेल तर यातल्या बऱ्याच ठिकाणी तुला दारातूनच परत पाठवतील.

प्रश्न: टॉवेलच्या कारखान्यात नवीन शेडचं वायरिंग करायचंय. तीन कोटेशन आली, एक जवळजवळ निम्म्याला आहे. तिघंही म्हणतात माल एक नंबर. – एक कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर: मालक, निम्म्याचं कोटेशन आधी फाडू नका, त्याला फक्त लिहून मागा. वायर कुठल्या कंपनीची आणि किती स्क्वेअर एमएमची, अर्थिंगचे खड्डे किती आणि किती खोल, प्रत्येक मोटरला अर्थच्या तारा किती. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ जोडण्या हव्यात असा नियम आहे, आणि स्वस्तवाला नेमकी दुसरी तार गाळतो कारण ती नसली तरी माग फिरतो, कुणाला कळत नाही. जीएसटी धरून का सोडून तेही विचारा, १८ टक्के वर आले की निम्मा रेट निम्मा राहत नाही.

दुसरं म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर, एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र. ते नसलं तर काय होतं बघा. एक फेज गेला की मोटर घूं घूं करते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं, रात्रपाळीत सगळ्या शेडच्या मोटरी एकदम. हे कोटेशनमध्ये नसेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याची सोय झाली म्हणायचं.

तिसरं, कापूस. टॉवेलच्या शेडमध्ये सुताचा बारीक कापूस उडून स्टार्टरवर, पट्टीवर, बोर्डात जाऊन बसतो, आणि सैल कनेक्शन तापलं की तो पेट घ्यायला वेळ लावत नाही. बोर्ड धूळबंद, निदान आयपी ५४ चे घ्या (धूळ-पाणी किती रोखतं ते सांगणारा आकडा बोर्डावर लिहिलेला असतो), उघड्या लाकडी पाट्या नकोत. मे २०२५ मध्ये तुमच्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, त्यानंतरही लोक बोर्डाच्या किमतीवर घासाघीस करतात याचं मला नवल वाटतं. बाहेर जायचा दुसरा दरवाजा हे माझ्या खात्यात येत नाही पण तोही बघा.

काळ्या मातीत अर्थिंग असेल तर एप्रिल-मेमध्ये माती भेगाळते आणि रीडिंग बिघडतं, खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसावर टाका, आणि रीडिंग उन्हाळ्यातच घ्यायला लावा, पावसाळ्यात सगळ्यांचंच चांगलं येतं.

प्रश्न: काम झालं की गिऱ्हाईक बाकी ठेवतं, फोन उचलत नाही. – एक ठेकेदार, भवानी पेठ

उत्तर: माल येण्याआधी एक हप्ता, पाइप-वायर ओढून झाल्यावर दुसरा, आणि शेवटचा टेस्ट रिपोर्ट हातात देताना. हे कामाआधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पाहुण्यातलं काम असलं तरी, खरं तर तिथं आधी.

प्रश्न: कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. शेजारी म्हणतात चप्पल घालून हात लावा. – एक भगिनी, विडी घरकुल

उत्तर: ताई, चप्पल हा उपाय नाही. कूलर आत्ता बंद करा आणि प्लग बघा, तीन पिना आहेत का. बऱ्याच घरांत दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून वरची जाडी पिन कापलेली असते, ती अर्थची. ती नसली की पत्र्यात उतरलेला करंट जायला तुमच्या हाताशिवाय वाट राहत नाही, त्यात खाली ओली फरशी. पिन असून झिणझिण्या येत असतील तर घरच्या अर्थिंगची तार तुटलेली असेल किंवा जोडलेलीच नसेल, वायरमनकडून आधी ते तपासून घ्या, मग पंपाची वायर. मेनजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, नुसता एमसीबी असल्या शॉकला पडत नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर लाइट जायला पाहिजे, नाही गेली तर दुकानदाराला बदलून मागा. आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढूनच भरा, पोरांना तर हे काम सांगूच नका.