भाऊबीज, ड्युटी आणि तयार पाकिटं : काकूंना विचारा

प्रश्न : काकू, मी इंदूरला सुदामा नगरमध्ये राहते, नर्स आहे, आणि यंदा भाऊबीजेलाच माझी दुपारी चारपर्यंत ड्युटी आलीये. संध्याकाळी सातला दोन्ही दादा, वहिन्या, पोरं, घरचे धरून दहा पानं होतील. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, त्यांना ओट्यापाशी उभं करायचं नाहीये. थोडं रेडीमेड आणावं असं वाटतं, पण आईने भाऊबीजेला कधी पाकीट फोडून वाढलं नाही, त्यामुळे दादांना काय वाटेल हे सारखं मनात येतं. काय करू?

उत्तर : अगं, आधी ते मनातलं काढून टाक. दादा येतात ते तू ओवाळावंस म्हणून, तू घामाघूम होऊन पुऱ्या लाटत बसलीस आणि ते बाहेर टीव्हीसमोर, तर कसली भाऊबीज? आईच्या वेळी घरात चार हात होते, तुझ्याकडे दोन आहेत आणि तेही दिवसभर पेशंटचं करून आलेले. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याचा वास घरभर सुटतो ते घरी करायचं, म्हणजे भात आणि एक रस्सा, बाकी सगळं बिनधास्त विकतचं, आणि ते वाढताना एकदाही "वेळच नाही मिळाला हो" असं म्हणायचं नाही.

आता आपण राहतो माळव्यात, तर इथे जे चांगलं मिळतं त्यावरच बेत बसवायचा ना. शेव-टमाटर कर. शेव आपल्याकडे दुकानदार जशी करतो तशी घरी होत नाही हे मान्य करून टाकूया, लवंगाची किंवा रतलामी जाड शेव साडेतीनशे-चारशे ग्रॅम आणून ठेव, बारीक शेव आणू नकोस, ती रश्श्यात पडली की पीठच होते. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात जिरं-हिंगावर चांगले लाल कर, मग आलं-लसणाची तयार पेस्ट, मग टमाटर प्युरीची 200 ग्रॅमवाली दोन पाकिटं आणि सोबत चार-पाच ताजे टमाटर किसून घाल. नुसत्या प्युरीला एक डब्यातला वास असतो, ताजे घातले की तो मोडतो, आणि ही प्युरी कडेने तेल सुटेपर्यंत परतायची म्हणजे परतायचीच, इथे घाई केलीस तर आंबट-कच्चं लागेल आणि मग सगळे म्हणतील पाकिटाचं आहे वाटतं. हळद, तिखट, धने पूड, गुळाचा खडा, आणि पाणी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त, कारण शेव रस्सा पिऊन टाकते. मीठ अर्धंच घाल, शेवेत असतंच, कमी वाटलं तर नंतर घालता येतं. आणि शेव पानं मांडल्यावरच टाकायची, टाकली की दोन मिनिटं झाकण आणि लगेच वाढायचं. पहिल्या पंगतीला मुलं बसणार असतील तर रस्सा दोन भांड्यांत काढ आणि दुसऱ्या भांड्यात शेव नंतर टाक.

दुसरा मसालेभात. दहा जणांना पोळी-भाजीबरोबर चार वाट्या तांदूळ पुरतात, घरी आल्या आल्या धुऊन भिजत टाक मग चहा पी. फ्रोझन मटार वापर, त्यात काही कमीपणा नाही, दिवाळीच्या आसपास बाजारात जो महाग आणि जून मटार येतो त्यापेक्षा तो गोड असतो, पाकिटातून सरळ फोडणीत, विरघळवत बसू नकोस. तोंडली, काजू, गोडा मसाला, तांदळाच्या दुप्पट उकळतं पाणी, पाच लिटरच्या कुकरमध्ये बरोबर बसतं. वरून खोबरं-कोथिंबीर आणि साजूक तूप, हे मात्र हात आखडता न घेता, कारण कुकर उघडला आणि तूप पडलं की ड्रॉइंगरूममधले सगळे आपोआप आत येतात.

गोडाला श्रीखंडाचे डबे आण, अर्ध्या किलोचे तीन. फोडून तसंच वाढू नको, काचेच्या भांड्यात काढ, दोन चमचे कोमट दुधात केशर आधी पंधरा मिनिटं भिजव आणि ते घाल, थोडं जायफळ आणि वेलदोडा ताजा किसून-कुटून, चारोळी. चमच्याने हलक्या हाताने फिरव, घोटत बसलीस तर पातळ होतं, आणि परत फ्रीजमध्ये. पुऱ्या अजिबात नको, दहा माणसांच्या पुऱ्या म्हणजे तू पाऊण तास कढईपाशी. तुमच्या कॉलनीत पोळ्या करून देणाऱ्या ताई असतीलच, त्यांना चार दिवस आधी सांग, सणाला त्यांच्याकडेही गर्दी असते. त्या नाही मिळाल्या तर फ्रोझन पराठे, पण ते फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवून दिलेस तर एकमेकांना चिकटून बसतात, थेट कडक तव्यावर टाकायचे, एकेक करून, आणि हे काम एखाद्या दादाला दे, खुशाल दे.

काकडीची कोशिंबीर सासूबाई बसल्या बसल्या करतील, त्यांनाही बरं वाटेल. चिवडा-चकली फराळाची आहेच. दाल-बाफल्याचा हट्ट कुणी केला तर सरळ रविवारचं बोलावणं दे, बाफले म्हणजे कणकेचे गोळे, ते आधी उकळायचे मग भाजायचे मग तुपात बुडवायचे, ते ड्युटीवरून येऊन करायचं काम नव्हे. आणि खरेदी सगळी आदल्या दिवशी सकाळी उरकून टाक, संध्याकाळी राजवाडा-सराफ्याच्या बाजारात गाडी घालायचा विचारसुद्धा करू नकोस.

प्रश्न : काकू, रेडी टू ईट दाल मखनीची पाकिटं सणाला वापरली तर चालतात का? फ्रीजमध्ये न ठेवता इतके महिने टिकतात म्हणजे काहीतरी घातलेलंच असणार असं आमचे बाबा म्हणतात. त्यांना बीपी आहे. (विजय नगर, इंदूर)

उत्तर : बाबांना सांगा की टिकण्याचं कारण औषध नव्हे, उष्णता आहे. पदार्थ पाकिटात भरून, हवाबंद करून मग दाबाखाली साधारण 121 अंशांना तापवतात, आपल्या कुकरचंच तत्त्व, फक्त जास्त कडक, त्यामुळे आत जंतू उरत नाहीत आणि बाहेरून जायला वाट नसते. म्हणून फुगलेलं किंवा कडेला ओलसर दिसणारं पाकीट घ्यायचंच नाही, आणि एकदा फोडलं की मग ती साधी दालच, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवायची.

बाबांची खरी काळजी मिठाची करा. पाकिटामागे सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट 300 ग्रॅमचं आहे, तर सोडियम 1200 मिलिग्रॅम, म्हणजे त्या एका पाकिटात 3 ग्रॅम मीठ झालं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते. मी काय करते, दोन पाकिटांना एक मोठी वाटी अख्खे उडीद रात्री भिजवून सकाळी बिनमिठाचे मऊ शिजवून घेते, त्यात पाकिटं ओतते, थोडं दूध घालून दहा मिनिटं मंद उकळते. दाल वाढते, खारटपणा उतरतो आणि चव घरची होते. वरून मीठ नाही, लोणी बिनमिठाचं. चांदीच्या रंगाचं पाकीट तसंच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, भांड्यात काढून मगच.

प्रश्न : काकू, मी अकोल्याचा, इंदूरला भंवरकुआं भागात रूम करून राहतो. दिवाळीत घरी जाणार नाहीये, पाच-सहा मित्र जेवायला येतील. गुलाबजामचं पाकीट आणून ट्रायल घेतली तर बाहेरून काळे आणि आत गोटी. इंडक्शन आहे, एक छोटी कढई आहे.

उत्तर : बाळा, मित्रांना जेवायला घालतोयस हे फार छान. तुझं दोन ठिकाणी चुकतंय. एक, तू ते पीठ कणकेसारखं तिंबलं असणार. त्या मिक्समध्ये दुधाची पावडर आणि मैदा असतो, मैदा मळला की चिवट होतो आणि आत गोटी बसते. पाणी थोडं थोडं घालून बोटांनी नुसतं गोळा करायचं, झाकून दहा मिनिटं सोडायचं, मग हाताला तूप लावून सुपारीएवढे गोळे, वर एकसुद्धा चीर नको. लहान वाटतील पण तळून-मुरून जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून पाकाचं भांडं पसरट घे.

दुसरं तेल. इंडक्शन झपाट्याने तापतं, त्यामुळे तेल कढत होऊन बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आधी चिमूटभर गोळा टाकून बघ, तो तळाशी थांबून सावकाश वर आला तर तेल बरोबर, टाकल्या टाकल्या उसळला तर इंडक्शन बंद करून थांब. छोट्या कढईत एका वेळी पाच-सहाच टाक, झाऱ्याने तेल फिरवत राहा म्हणजे ते स्वतःच गोल गोल फिरतात आणि सगळीकडून सारखा रंग येतो. पाकाला तार नको, बोटाला चिकट लागला की बंद, आणि तळलेले जाम कोमट पाकात टाकायचे, उकळत्या पाकात फुटतात. हे सगळं दुपारीच करून ठेव, दोन-तीन तास मुरू दे. बाकी जेवणाला पुलाव, तयार पापड आणि छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून आणलेलं नमकीन एवढं पुष्कळ झालं, फक्त पुलावाची भाजी मित्रांकडून चिरून घे आणि कढई थंड झाल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नको.