‘अवस्था जतन करणे’ की ‘खूणगाठ बांधणे’?

ऐरोलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सी भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी विचारले आहे की, ‘सेटजंप’ आणि ‘लाँगजंप’ या फंक्शनांच्या (म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यांच्या) जोडीविषयी, ज्यातले पहिले प्रोग्राममधल्या एका जागेची नोंद करते आणि दुसरे नंतर थेट तिथे परत नेते, मराठी टिपण लिहिताना ‘प्रोसेसरची अवस्था जतन करणे, ती पुनर्स्थापित करणे आणि अस्थानिक उडी मारणे’ असे शब्द योजले तर चालतील काय.

माझी मुख्य हरकत ‘जतन’ या शब्दाला आहे. ‘यत्न’पासून आलेला हा शब्द मराठीत मूळ वस्तूच जपून ठेवण्यासाठी वापरतात, पोथी जतन केली म्हणजे पोथी हाताशी आहे, असे ऐकणारा गृहीत धरतो. सेटजंप तसे काही करत नाही. ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर लिनक्सच्या प्रथेनुसार बोलावलेल्या फंक्शनने जसेच्या तसे परत द्यायचे सहा रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे छोटे कप्पे), स्टॅक (चालू फंक्शनांचा तात्पुरता ऐवज जिथे रचला जातो ती मेमरी) कुठवर आला आहे तो पत्ता आणि परतायचा पत्ता, असे मुख्यतः आठच आकडे, म्हणजे ६४ बाइट, ते ‘जंप-बफ’ नावाच्या राखीव जागेत टिपून ठेवते. बाकीच्या रजिस्टरांतला मजकूर कोणत्याही फंक्शन-कॉलनंतर टिकेल असे कंपायलर (प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणारे साधन) धरूनच चालत नाही, त्यामुळे ते टिपण्याची गरज नसते. स्टॅकवरचा ऐवज मात्र जागच्या जागी राहतो; त्याची प्रत निघत नाही, फक्त तो कुठे होता याची खूण राहते. यासाठी मराठीत नेमका शब्द आयता आहे: खूणगाठ. पदराला गाठ मारणारी बाई वस्तू पदरात बांधत नाही, आठवण बांधते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. सेटजंप बोलावणारे फंक्शन संपून गेल्यावर लाँगजंप केली, तर गाठ शाबूत असते पण ती ज्या जागेची खूण होती ती जागा उरलेली नसते, आणि पुढे काय होईल याची सी भाषेचे प्रमाण कोणतीही हमी देत नाही. ‘जतन’ वाचलेल्या विद्यार्थ्याला हे अन्यायाचे वाटेल. ‘खूणगाठ’ वाचलेल्याला ते आपसूक कळेल.

‘पुनर्स्थापित’विषयीही हेच म्हणता येईल. त्याच फंक्शनमधले साधे स्थानिक चल सेटजंपनंतर बदलले असेल आणि ते ‘व्होलटाइल’ (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाचावी, असे कंपायलरला बजावणारा शब्द) म्हणून घोषित केलेले नसेल, तर उडीनंतर त्यात जुनी किंमत असेल की नवी, हे अनिश्चित असते. जे पूर्ववत होईलच असे नाही त्याला पुनःस्थापना कशी म्हणावी? (शब्द ठेवायचाच असेल तर संधिनियमाने ‘पुनःस्थापना’ असा लिहावा, ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विचार’ यांतला रफार पुढच्या मृदू वर्णामुळे येतो, ‘स’ कठोर आहे.) त्यापेक्षा ‘खुणेच्या जागी परतणे’ बरे. ‘अवस्था’ आणि ‘स्थिती’ यांत मी ‘स्थिती’ घेईन, कारण ‘काय अवस्था झाली आहे!’ या उद्गाराची छाया बोलीतल्या ‘अवस्था’वर कायम असते.

राहता राहिली ‘अस्थानिक उडी’, म्हणजे इंग्रजीतली ‘नॉन-लोकल’ उडी. सी भाषेतल्या ‘गोटू’ या आज्ञेची उडी एकाच फंक्शनच्या आत राहते, म्हणून मुळात तिला स्थानिक म्हटले आहे. मराठी वाचकाला मात्र ‘स्थानिक’ म्हणजे गावातला; त्यातून आम्हा ठाणेकरांचे गावच ‘स्थान’ या शब्दातून निघालेले, शिलाहारांच्या लेखांतले ‘श्रीस्थानक’. शिवाय ‘नॉन-लोकल’ उडीचे उत्तम उदाहरण नेमकी लोकलच आहे, कळव्याला न थांबता ठाण्याला येणारी फास्ट लोकल: लाँगजंपही मधल्या फंक्शनांत न थांबता निघून जाते, त्यांनी उघडलेल्या फायली उघड्याच राहतात आणि घेतलेली मेमरी परत केली जात नाही. संस्कृत व्याकरणातली ‘मंडूकप्लुती’, म्हणजे मधली सूत्रे ओलांडून पदाची पुढच्या सूत्रात होणारी अनुवृत्ती, मला क्षणभर मोहवून गेली. पण बेडूक पुढे जातो आणि लाँगजंप मात्र सेटजंप बोलावणाऱ्याकडे मागे फिरते. म्हणून ‘फंक्शनबाहेरची माघारी उडी’ असे लिहावे. शब्द थोडा लांब आहे, पण दिशा आणि सीमा दोन्ही सांगतो.

आणखी एक अडचण टिपणात येईलच: सेटजंप एकदा बोलावले तरी दोनदा परतते, आधी शून्य घेऊन आणि उडीनंतर लाँगजंपने दिलेला आकडा घेऊन, लाँगजंपला शून्य दिले तर ते १ करून परतवले जाते, म्हणजे दोन्ही परतण्यांत गल्लत होत नाही. इथे ‘उत्तर देते’ असे क्रियापद न वापरता ‘परतते’ असेच लिहावे, कारण एका प्रश्नाला दोन उत्तरे म्हटली की वाचक चुकीच्या वाटेने विचार करू लागतो.