खोडून काढता येईल असं लिही

मुंबई

चि. — हिस,
अनेक आशीर्वाद.

म्युझियममध्ये पुराजीवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी लागायला किती रिसर्च पेपर हवेत, असं तू विचारलंयस. मुलाखतीत हाच प्रश्न आधी येतो, तेव्हा तू तो विचारलास यात काही गैर नाही. पण आकडा सांगण्याआधी मला तुला एका दगडाबद्दल सांगायचंय. तो नीट कळला तर पेपर कसे लिहायचे हे निम्मं कळेल.

गुजरातमध्ये ढोली डुंगरी नावाचं गाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, म्हणजे जीएसआयचे, धनंजय मोहबे यांना तिथे 1980च्या दशकात डायनासोरची अंडी आणि त्यांच्याजवळ बारीक हाडं असलेला दगड मिळाला. 1987 साली त्यांनी त्यावर पेपर लिहिला. अंडी सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी, डायनासोरची होती आणि हाडं नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची, असा अर्थ त्यांनी लावला. अंडी आणि पिल्लू एकत्र सापडणं ही तेवढ्यावरही मोठीच गोष्ट होती. 2001 साली जेफ्री विल्सन हे अमेरिकी संशोधक तोच दगड पाहत होते. काही मणक्यांवर त्यांची नजर अडली. सापाच्या मणक्यांना नेहमीच्या सांध्यांखेरीज आणखी एक सांध्याची जोडी असते, पुढच्या बाजूला खुंटी आणि मागच्या बाजूला तिची खोबण. ती या मणक्यांत दिसत होती. मग दगड पुन्हा साफ झाला, माणसं पुन्हा ढोली डुंगरीला गेली, थर पुन्हा तपासले. 2010 साली पेपर आला: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणि हे सगळं सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी एका झटक्यात गाडलं गेलेलं. सापाला नाव मिळालं सनाजेह इंडिकस.

आता त्या पेपरच्या लेखकांची यादी बघ. विल्सन यांच्यानंतर दुसरं नाव मोहबे यांचं आहे. आपलाच 1987चा अर्थ बदलणाऱ्या पेपरवर त्यांनी नाव घातलं. मला या क्षेत्रात सर्वांत आदर वाटतो तो अशा माणसांबद्दल. आणि हे घडू शकलं याचं कारण 1987च्या कामातच होतं. दगड कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरात मिळाला हे लिहून ठेवलेलं होतं, दगड तोडून हाडं सुटी केलेली नव्हती, आणि तो जागेवर होता. अर्थ बदलला, तरी पुरावा तसाच्या तसा हातात होता.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं: तुझा पेपर असा लिही की पुढच्याला तो खोडून काढता यावा. नमुन्याचा क्रमांक दे. तो कुठल्या संस्थेत ठेवलाय ते दे. ठिकाण, थर आणि थराची जाडी दे. मोजमापं तक्त्यात दे, फोटो सर्व बाजूंनी दे, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेव. हाडाचं वर्णन आणि त्यावरचं तुझं मत यांची परिच्छेदांत सरमिसळ करू नकोस. वर्णन शंभर वर्षं वाचलं जातं, मत बहुतेक वेळा वीस वर्षांत बदलतं.

दुसरं, लेबल. कागदाच्या त्या चिटोऱ्याबद्दल मी किती बोलते हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचार. लेबल हरवलेलं हाड म्हणजे सातबारा नसलेली जमीन. आहे खरी, पण कुणाची, कुठली, काही सिद्ध करता येत नाही. भारतातल्या पहिल्या डायनासोरचंच उदाहरण घे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या स्लीमनला 1828 साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर मोठे मणके मिळाले. ते स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरांमार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. ब्राह्मी लिपी वाचणारे तेच प्रिन्सेप. डायनासोर ही कल्पनाच तोवर जन्माला आली नव्हती. 1877 साली लायडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढे मूळ मणके सापडेनासे झाले, आणि जगभरचे संशोधक जुन्या वर्णनांवर आणि चित्रांवर काम करत राहिले. 2012 साली मोहबे आणि शुभाशिस सेन यांना त्यातला एक मणका कोलकात्यात जीएसआयच्याच संग्रहात मिळाला. पुढच्या वर्षी 'करंट सायन्स'मध्ये त्यावर पेपर आला. उत्खनन झालं नव्हतं, मोहीम निघाली नव्हती. दोन माणसांनी जुना संग्रह चिकाटीने धुंडाळला, एवढंच. म्युझियमवाल्याचा पेपर असाही असतो, आणि तो मी कुठल्याही नव्या प्रजातीच्या पेपरइतकाच वरचा मानते.

नव्या नावाच्या मोहाबद्दलही याच मणक्यांवरून बोलते. लायडेकर यांनी ज्या लक्षणांवर टायटॅनोसॉरस वेगळा ठरवला, ती लक्षणं पुढे जगभरच्या कितीतरी प्राण्यांत मिळाली. 2003 साली विल्सन आणि अपचर्च यांनी सगळी नावं तपासून सांगितलं की हे नाव आता शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. त्याच फेरतपासणीत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या प्राण्याला, ज्याचं 1997 साली टायटॅनोसॉरस कोलबर्टी असं बारसं झालं होतं, इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं. फरक कशामुळे पडला? डोंगरगावचा सांगाडा बराच पूर्ण होता, आणि जैन व बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन हाडागणिक केलेलं होतं. हातात एखादाच मणका किंवा दाताचा तुकडा असेल तर गटापर्यंत ओळख सांग आणि थांब. प्रजातीचं नाव देणाऱ्याचं नाव त्याच्या शेपटीला कायम लागतं, म्हणून हात शिवशिवतो, हे मला माहीत आहे. थांब.

तू लिहितेस की मुंबईत राहून या विषयात काय करणार, इथे तर नुसती बेसॉल्ट आणि बिल्डिंगा. असं म्हणू नकोस. वरळीच्या टेकडीतल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडूक मिळालेत, पूर्ण सांगाड्यांचे, बोटाएवढे. मुंबईहून जी. टी. क्लार्क यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनला रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्याला राना पुसिला म्हटलं. 1930 साली न्यूयॉर्कच्या म्युझियममधल्या नोबल यांनी त्याला इंडोबॅट्रॅकस या नव्या प्रजातिगटात नेलं. 1940 साली चिपळूणकरांनी वरळीच्याच बेडकांवर आपल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. त्या गाळाचं वय दीर्घकाळ इओसीन, म्हणजे डायनासोर संपल्यानंतर बऱ्याच नंतरचं, धरलं जात होतं. आता दख्खनच्या लाव्हाचं वय नीट मोजल्यावर ते बरंच मागे, डायनासोर संपले त्या काळाच्या आसपास गेलंय. म्हणजे बेडूक तेच, पण त्यांच्याविषयीचा प्रश्न पार बदलला: एवढ्या ज्वालामुखींच्या मधोमध डबक्यात ही जात कशी तगून होती? या प्रश्नावर काम करायला तुला नवी खाण लागणार नाही, आणि वरळीत आता ती मिळणारही नाही. जुने नमुने लागतील. कुठल्या देशात कुठल्या कपाटात वरळीचे किती बेडूक आहेत याची नुसती यादी जरी तू केलीस, तरी तो पहिला पेपर म्हणून मला चालेल. मुंबईतल्याच आंबोलीच्या खाणीतल्या कासवाच्या कवटीवर 2003 साली पेपर आला. मुंबईच्या खडकांवर आयुष्य घालवलेल्या प्रा. सेठना यांच्या नावावरून त्याला सांकुकेमिस सेठनाय म्हणतात. तोही वाच. आपल्या लोकलच्या रुळांपासून हे सगळं किती जवळ आहे ते बघ.

पण तिथे पोचण्याआधी हाताचं काम शीक. इथे पावसाळ्याचे चार महिने हवेत इतकी ओल असते की पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेले जीवाश्म आतून कुजतात. आधी पिवळट-पांढरी भुकटी दिसते, मग आम्लाचा वास, मग लेबलही खाल्लं जातं. लाकडी ड्रॉवरमधल्या शिंपल्यांवर लाकडातल्या आम्लांमुळे पांढरी लव चढते. डब्यात सिलिका जेल घालणं, ते वेळेवर बदलणं, आर्द्रतामापकाची नोंद ठेवणं ही कामं शिपायाची आहेत असं ज्याला वाटतं त्याने म्युझियममध्ये येऊ नये. हाड सांधताना फेविक्विक लावायचा मोह टाळ. पॅरालॉइड बी-72 वापर, तो ॲसिटोनने पुन्हा काढता येतो. पुढच्या माणसाला आपलं काम उलटवता आलं पाहिजे, हे डिंकालाही लागू आहे. आणि नमुना साफ करणाऱ्या माणसाचं नाव पेपरात घे, शक्य असेल तेव्हा लेखकांमध्ये. सुईने महिनोन्महिने दगड कोरणाऱ्याला हाडाची जितकी ओळख होते तितकी आपल्याला फोटो बघून होत नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण इथे सांगण्यासारखं फार नाही. मुंबईतल्या म्युझियममध्ये फक्त जीवाश्मांसाठी जागा निघणं दुर्मीळ. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असो की भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, त्यांचा मुख्य पसारा कलेचा, इतिहासाचा. जीएसआयमध्ये जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागेल. संशोधनाच्या वाटेने जायचं तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा, आणि मग लखनौचं बिरबल साहनी संस्थान किंवा कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. कोलकात्याला गेलीस तर तिथला बारापासॉरसचा उभा सांगाडा बघ; ती हाडं आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या गोदावरी खोऱ्यातली आहेत. नोकरी म्युझियमची लागली तर शाळेच्या सहली, प्रदर्शनाच्या पाट्या, ऑडिट हे सगळं तुझ्याकडे येईल. पाट्या मराठीत तूच लिही, दुसऱ्याकडून भाषांतर करून घेऊ नकोस. आठवीतल्या पोराला दोन ओळींत सांगता आलं नाही तर तुला ते पुरतं कळलेलं नाही असं समज.

घाईबद्दल एकच. राजासॉरस या डायनासोरची हाडं गुजरातमधल्या रहियोलीला 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गोळा झाली आणि पेपर आला 2003 साली. मधली वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेणाश्मांवर, म्हणजे दगड झालेल्या शेणावर, मॅटली यांनी 1939 सालीच लिहिलं होतं. 2005 साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्याच शेणाश्मांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे दाखवलं. तोवर ते सहसा मानलं जात नव्हतं. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल्स तुला मेल पाठवतील. एकदा तिथे नाव गेलं की ते काढता येत नाही.

आणि नमुना कुठून आला हे विचारल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नकोस, कितीही मोठा माणूस सहलेखक व्हायला बोलवत असला तरी. ब्राझीलच्या उबिराजारा या डायनासोरवरचा पेपर 2020च्या डिसेंबरमध्ये ऑनलाइन आला, तो नमुना देशाबाहेर कसा गेला यावरून गदारोळ झाला, पेपर मागे घेतला गेला, आणि 2023 साली जीवाश्म जर्मनीहून ब्राझीलला परत गेला. आपल्याकडे आजही शेतात सापडलेली डायनासोरची अंडी लोक विकतात. विकत घेतलेल्या नमुन्याला ठिकाण नसतं, आणि ज्याला ठिकाण नाही त्यावर शास्त्र उभं राहत नाही. होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावरून नव्या प्रजातीला नाव दिलं जातं तो, नेहमी सार्वजनिक संस्थेत, क्रमांकासह, कुणालाही पाहता येईल असा. स्वतःच्या घरच्या कपाटात एकही नमुना ठेवायचा नाही, आठवण म्हणूनसुद्धा.

तर, किती पेपर? मी निवड समितीवर बसायचे तेव्हा यादी मोजत नव्हते. त्यातला एक पेपर काढून त्यातल्या नमुन्याचा क्रमांक शोधायचे. क्रमांक असेल, संस्था असेल, आणि पेपरवरून ते हाड मला ड्रॉवरमधून काढता येईल असं वाटलं, तर उमेदवाराला पुढचे प्रश्न विचारायचे. सगळेच असं करत नाहीत, हेही सांगून ठेवते. काही ठिकाणी आकडाच बघतात आणि तिथे तुझं नुकसान होईल. तरी दोन नीट पेपर आणि एका संग्रहाचा पूर्ण कॅटलॉग घेऊन जा, असं मी म्हणेन.

शिफारसपत्र मी आनंदाने देते. बायोडेटा पाठव, पण त्यात पेपरांची यादी शेवटी टाक. सुरुवातीला कुठकुठले संग्रह स्वतः हाताळलेस, कोणत्या साली, कुणाच्या परवानगीने, आणि त्यांतल्या किती नमुन्यांच्या नोंदी तपासल्यास ते लिही. ते रकाने आज रिकामे असतील तर पत्र आत्ताच मागू नकोस. आधी तुझ्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागातलं जीवाश्मांचं कपाट उघड, रजिस्टर घेऊन बस आणि पहिल्या क्रमांकापासून सुरुवात कर.

सस्नेह,
तुझी मॅडम