आदर्श पाठ आणि पाठ-अभ्यास

प्रश्न : केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत कुणीतरी आदर्श पाठ घेतं. आम्ही मागे बसून बघतो, ‘छान झाला’ म्हणतो आणि चहाला उठतो. जपानमधला पाठ-अभ्यास याहून वेगळा कसा? आम्ही दोन शाळांच्या मिळून चौघी आहोत.
– प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : चौघी पुष्कळ झाल्या. आदर्श पाठात सगळे बाईंकडे बघतात. जपानी ‘जुग्यो केन्क्यू’त, म्हणजे पाठ-अभ्यासात, बघायचं ते मुलांच्या हातांकडे आणि वहीकडे. पाठ चौघींनी मिळून बांधायचा, एकीनं घ्यायचा. फसला तर चौघींचा फसतो, त्यामुळे नंतर बोलणं सोपं जातं.

निम्मं काम वर्गात पाऊल टाकण्याआधीचं. पहिलीची दशक फोडून करायची वजाबाकी घ्या. जपानी पाठ्यपुस्तकांत सुरुवातीला १३ − ९ सारखं उदाहरण असतं. तीनातून नऊ जात नाहीत आणि नऊ दहाला खेटून आहेत. म्हणून दहातून नऊ काढावेत, उरलेला १ आणि ३ मिळवावेत, हे मुलांना आपसूक सुचतं. १२ − ३ दिलंत तर मूल बोटांवर ‘अकरा, दहा, नऊ’ म्हणत मागे येईल. उत्तर बरोबर, पण दशकाला हातही लागला नाही. उदाहरणातले आकडे ठरवण्यात तास गेला तरी जाऊ द्या.

मात्र जपानी पाठ जसाच्या तसा उचलू नका. तिकडे १३ म्हणजे ‘जू-सान’, शब्दशः दहा-तीन. आपल्या ‘तेरा’त दहा ऐकूच येत नाहीत. म्हणून दहा काड्यांचा गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या आधी हातात हव्यात. इथेही एक गोची आहे: रबर काढलं की मूल तेराही काड्या एकत्र करतं आणि एकेक मोजू लागतं. सुट्या तीन वेगळ्या रंगाच्या ठेवा.

टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘मुलं काय करतील’ असा रकाना आखा आणि चुकाही लिहा. उभ्या मांडणीत ९ मधून ३ वजा करून १६ लिहिणारं मूल बहुधा भेटतंच.

प्रश्न : निरीक्षणात नेमकं काय टिपायचं?

उत्तर : प्रत्येकीनं तीन-चार मुलं वाटून घ्यावीत. ‘मुलं रमली होती’ ही नोंद निरुपयोगी. ‘११.१२ – गठ्ठा सोडला, सगळ्या काड्या मोजल्या, ५ लिहिले, खोडले, ४ लिहिले’ ही कामाची. अडलेल्या मुलाला मदत करायची नाही. हे फार जड जातं, पण तुम्ही सुचवलंत की मूल स्वतः काय करणार होतं ते कायमचं हुकलं. फळा पुसू नका. शेवटी त्याचा फोटो काढा.

चर्चा त्याच दिवशी. पाठ घेणारीनं आधी बोलावं, मग नोंदी वाचाव्यात, सल्ले सर्वांत शेवटी.

प्रश्न : आमची दोनशिक्षकी शाळा. पाठ बघायला गेलो तर वर्ग कोण सांभाळणार?

उत्तर : मग मोबाइलवर चित्रण करा, पण कॅमेरा फळ्याकडे न लावता दोन मुलांच्या पाटीवर लावा. चित्रण गटापुरतंच ठेवा. सुधारलेला पाठ आठवड्याभरात दुसऱ्या शाळेत घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आकडेही बदलले, काड्याही बदलल्या, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.